अमक्याचं बगदाद

इराकी कादंबरीकार अहमद सादावीचं बोट धरून बगदादच्या एका बदनाम वस्तीत मारलेली चक्कर. कुठल्याही पॅकेज टूरमध्ये न मिळणारी!

बगदाद म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच चॅनल लागतात. एकावर अलिबाबा, अल्लाउद्दीन आणि उडता गालिचा. दुसऱ्यावर धूर, रणगाडे आणि खाली पळणारी पट्टी : स्फोटात इतके ठार, तितके जखमी. मधे काहीच नाही. या शहरातली माणसं सकाळी उठून पाव आणायला जात असतील, घरमालकाशी भाड्यावरून भांडत असतील, मुलीचं लग्न जमत नाही म्हणून झुरत असतील, हे आपल्या गावीही नसतं.

मला हे मधलं चॅनल लावून दिलं एका कादंबरीने. नाव 'फ्रँकेनस्टाइन इन बगदाद', लेखक अहमद सादावी. मूळ अरबी पुस्तक २०१३ चं, जोनाथन राइटने केलेलं इंग्रजी भाषांतर २०१८ चं. नावावरून भुताखेतांची स्टोरी वाटते. आहेच ती तशी. पण थोडी पानं गेली की कळतं, भूत हे निमित्त आहे. लेखकाला आपल्याला एक मोहल्ला दाखवायचाय. गल्ल्यांसकट, चहाच्या दुकानासकट, कोण कुणाच्या घरावर डोळा ठेवून बसलंय त्याच्यासकट. पुस्तक संपलं आणि मला तो मोहल्ला बघायचाच होता. ऑफिसात रजेचा अर्ज टाकला तेव्हा बॉसने विचारलं, "बाली का?" म्हटलं, "नाही, बगदाद." त्याने अर्ज परत एकदा वाचला.

घरच्यांची समजूत कशी काढली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तर, चला.

शुक्रवार सकाळ, मुतनब्बी स्ट्रीट

पुस्तकवेड्या माणसाने बगदाद कुठून सुरू करायचं, याला एकच उत्तर आहे. मुतनब्बी स्ट्रीट. दहाव्या शतकातल्या अल-मुतनब्बी या कवीचं नाव या रस्त्याला १९३२ मध्ये मिळालं. अल-रशीद स्ट्रीटवरून आत वळायचं आणि सरळ टायग्रिस नदीपर्यंत चालत जायचं. दोन्ही बाजूंना पुस्तकं. दुकानात, गाड्यांवर, जमिनीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं आठवतायत? तो फुटपाथ दहापट लांब करा, शुक्रवारच्या सुट्टीची गर्दी ओता आणि वर डाळिंबाच्या ज्यूसचा ग्लास ठेवा. झाला मुतनब्बी!

अरबी जगात एक जुनी म्हण आहे. कैरो लिहितं, बैरूत छापतं, बगदाद वाचतं. हे वाचनवेड साधंसुधं नाही. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निर्बंधांनी पगाराची किंमत शून्यावर आणली, तेव्हा प्राध्यापक मंडळींनी घरातली पुस्तकं याच रस्त्यावर आणून विकली. सद्दामच्या राज्यात बंदी असलेली पुस्तकं इथेच झेरॉक्स होऊन हातोहात फिरायची. इराकी लेखकांची एक अख्खी पिढी अशा पुसट झेरॉक्स प्रतींवर वाढली.

रस्त्याच्या नदीकडच्या टोकाला शाबंदर कॅफे आहे. १९१७ सालचा. त्याआधी तिथे छापखाना होता. आत लाकडी बाकडी, भिंतभर जुने फोटो, आणि इस्तिकान म्हणतात त्या छोट्या, कमरेत बारीक असलेल्या ग्लासात काळा चहा. साखर तळाशी थर लावून येते. ढवळायची की नाही, हे तुम्ही ठरवा. ५ मार्च २००७ ला मुतनब्बीवर कारबॉम्ब फुटला. पंचवीसहून जास्त माणसं गेली. कॅफेचे मालक मुहम्मद अल-खशाली यांचे चार मुलगे आणि एक नातू त्यात होते. या माणसाने कॅफे पुन्हा उभा केला. त्या मुलांचे फोटो तिथल्या भिंतीवर लागले आणि खाली चहा सुरू झाला. मी चहा पीत होते, समोरच्या बाकावर दोन कॉलेजची मुलं एका कवितेवरून हमरीतुमरीवर आली होती. कुणीही त्यांना गप्प बसवलं नाही.

इथेच एका म्हाताऱ्या पुस्तकविक्याने मी हिंदी (म्हणजे भारतीय) आहे कळल्यावर आधी रीतसर अमिताभ बच्चनची चौकशी केली आणि मग 'जलाल खालिद'चा विषय काढला. महमूद अहमद अल-सय्यद याची ही छोटी कादंबरी १९२८ ची. इराकी कादंबरीचा इतिहास साधारण तिच्यापासून सांगतात. आणि तिचा नायक बोटीने कुठे येतो माहितीये? मुंबईला! तिथून कलकत्त्याला जातो, तिथल्या विचारांनी पेटतो आणि १९२० च्या ब्रिटिशविरोधी उठावाच्या दिवसांत परत मायदेशी पोचतो. लेखक स्वतःही तरुणपणी हिंदुस्तानात राहून आला होता. इराकी कादंबरीने पहिला मोठा प्रवास केला तो आपल्या बंदरात. मुंबईत आयुष्य गेलं, पण हे मला बगदादमध्ये कळलं.

पण गंमत बघा, त्या पहिल्या नायकाला जग कळायला घर सोडावं लागलं. सादावीची गोष्ट नेमकी उलटी आहे.

एका रिपोर्टरची वही

अहमद सादावी १९७३ चा, जन्म बगदादचा. आता जरा त्याच्या वयाचा हिशेब मांडा. सात वर्षांचा होता तेव्हा इराणशी युद्ध सुरू झालं. ते १९८८ मध्ये संपलं तेव्हा पंधराचा. सतराव्या वर्षी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. त्यापाठोपाठ आखाती युद्ध आणि तेरा वर्षांचे निर्बंध. २००३ मध्ये अमेरिकन रणगाडे बगदादमध्ये आले तेव्हा हा तिशीत पोचत होता. आपल्याकडे ज्या वयात लोक कॉलेज, कॅम्पस इंटरव्ह्यू, पहिली बाइक, पहिला ईएमआय मोजतात, त्या वयात याने युद्धं मोजली.

सुरुवात कवितेने झाली. मग पत्रकारिता, डॉक्युमेंटरी, पटकथा. पहिली कादंबरी २००४ मध्ये, दुसरी २००८ मध्ये. २०१० मध्ये 'बैरूत ३९' म्हणजे चाळिशीच्या आतल्या एकोणचाळीस अरब लेखकांच्या यादीत त्याचं नाव झळकलं. पण या सगळ्याच्या मधला काळ महत्त्वाचा आहे. २००५ नंतरची काही वर्षं तो बीबीसीसाठी बगदादमधून बातम्या देत होता. हीच ती वर्षं, जेव्हा शहर शिया-सुन्नी हिंसाचारात होरपळत होतं आणि सकाळी घरातून निघालेला माणूस संध्याकाळी परत येईलच, याची खात्री कुणी देत नव्हतं. ३१ ऑगस्ट २००५ ला टायग्रिसवरच्या एका पुलावर यात्रेकरूंची गर्दी होती. आत्मघातकी हल्लेखोर घुसल्याची नुसती अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत नऊशेहून जास्त माणसं गेली. बॉम्ब फुटलाच नाही. भीती पुरली.

त्या दिवसांतला एक प्रसंग सादावीने मुलाखतीत सांगितलाय. तो शवागारात गेला असताना एक तरुण आपल्या स्फोटात गेलेल्या भावाचा देह न्यायला आला. देह सापडेना, नुसते अवयव. तिथल्या कर्मचाऱ्याने त्याला सांगितलं, यातून हवं ते घे आणि तुझा एक देह तयार कर.

ही बातमी होऊ शकत नाही. बातमीला आकडा लागतो, ठिकाण लागतं, कुणी जबाबदारी घेतली ते लागतं. हे वाक्य कुठल्या बुलेटिनमध्ये बसवायचं? ते सादावीच्या डोक्यात राहिलं आणि काही वर्षांनी त्याची कादंबरी झालं.

बतावीन!

कादंबरी घडते बतावीनमध्ये. बगदादचा तहरीर चौक तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिला असेल. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बेकारी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध तरुण पोरं-पोरी इथेच ठाण मांडून बसली होती. देशभरात त्या आंदोलनात सहाशेच्या आसपास माणसं मारली गेली. चौकात जवाद सलीम या शिल्पकाराचं 'स्वातंत्र्य स्मारक' आहे. पन्नास मीटर लांब पांढरी पट्टी आणि तिच्यावर ब्राँझच्या चौदा आकृत्या. सलीम स्वतः १९६१ च्या सुरुवातीला वारला, त्याच वर्षी झालेलं उद्घाटन त्याला पाहता आलं नाही. या स्मारकाला पाठ करून सादून स्ट्रीटच्या बाजूला आत शिरलात की बतावीन.

माझा ड्रायव्हर तयार नव्हता. "मॅडम, मन्सूरला मस्त मॉल आहे," असं तो तीनदा म्हणाला. बतावीनचं नाव काढलं की बगदादी माणूस नाक मुरडतो. दारू, ड्रग्ज, भुरटे गुंड. २०२४ मध्ये पोलिसांनी इथे मोठी मोहीम काढून शेकडो लोकांना उचललं होतं. शेवटी तडजोड झाली. भर दुपारी जायचं, तो सोबत येणार, कॅमेरा पिशवीत. मान्य!

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या वायरी. सरकारी वीज भरवशाची नाही, त्यामुळे गल्लीगल्लीत खाजगी जनरेटर आणि त्यांच्यापासून घराघरात गेलेल्या वायरींचं जाळं. इतकं दाट, की आकाश चौकटीच्या वहीत काढल्यासारखं दिसतं. त्याखाली विटांची दोन-तीन मजली घरं. वर मान केली की एखादी लाकडी गॅलरी, गोलसर कोपरा, नक्षीचा दरवाजा. कुणीतरी हौसेने, पैसा ओतून बांधलेली. मग खाली भंगाराचं दुकान, जुने फ्रिज, गंजके कुलर, पंख्यांची पाती, शेजारी तळणीचा वास.

ही हौस कुणाची, तर मोठ्या प्रमाणावर बगदादच्या ज्यूंची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात साधारण दर तिसरा माणूस ज्यू होता. त्यातली खात्यापित्या घरची मंडळी १९३०-४० च्या दशकांत बतावीनमध्ये राहायला आली. मेईर तवेग सिनेगॉग त्याच काळातलं, १९४२ चं. उंच भिंतीआड, दार बंद. १९४१ च्या जूनमध्ये बगदादमध्ये ज्यूविरोधी दंगल झाली, दीडशेहून जास्त माणसं मारली गेली. मग १९५० आणि ५१ या दोन वर्षांत जवळजवळ सव्वा लाख इराकी ज्यू विमानांनी इस्राएलला गेले. घरं मागे राहिली.

मुंबईकरांना हे अगदीच परकं वाटू नये. यांचाच एक भाऊबंद डेव्हिड ससून, जन्म बगदादचा, त्याच्या बऱ्याच आधी म्हणजे १८३० च्या दशकात पाशाच्या जाचातून निसटून मुंबईत आला. काळा घोड्याची ससून लायब्ररी, भायखळ्याचं सिनेगॉग, मुलाने बांधलेला ससून डॉक, हा सगळा त्या एका बगदादी घराचा पसारा. आपण ज्या लायब्ररीच्या आरामखुर्चीत दुपारी डुलकी काढतो, तिच्या मागची गोष्ट इथून निघाली आहे.

सादावीचा हादी हा भंगारवाला राहतो तो अशाच एका सोडून गेलेल्या घरात. कादंबरीत त्या घराला लोक 'ज्यूंचं खिंडार' म्हणतात. शेजारी एलिश्वा, अ‍ॅसिरियन ख्रिश्चन म्हातारी. तिचा मुलगा दानियल इराणच्या युद्धातून परत आलेला नाही. वीस वर्षं झाली, ती वाट बघते आहे. मुली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. फोनवर रडतात, आई चल म्हणतात. ही जात नाही. गल्लीतला इस्टेट एजंट फरज तिच्या घरावर टपलेला. आणि कोपऱ्यावर अझीझ या इजिप्शियनचं चहाचं दुकान, जिथे हादी रोज नवी थाप मारतो.

अमका कोण?

हादीचा जोडीदार नाहेम स्फोटात जातो. त्याचा देह आणायला हादी शवागारात जातो आणि त्याला तेच ऐकायला मिळतं, जे त्या खऱ्या तरुणाने ऐकलं होतं. त्यानंतर हादी बदलतो. स्फोटाच्या जागी जाऊन अवयव गोळा करायला लागतो. सगळे तुकडे शिवून एक पूर्ण देह करायचा, म्हणजे लोक त्याला कचऱ्यासारखं फेकणार नाहीत, रीतसर दफन करतील. शेवटचा तुकडा असतो नाक. ते शिवून होतं. आणि देह उठून चालायला लागतो!

त्याला नाव नाही. कादंबरीत त्याला 'शिस्मु' म्हणतात. नेमकं नाव आठवत नसलं की इराकी माणूस हा शब्द वापरतो. आपण नाही का म्हणत, "अरे तो, तो हा रे, अमका!" तसं. हा अमका निघतो सूड घ्यायला. ज्याचा हात, त्याच्या खुन्याचा खून. ज्याचा डोळा, त्याच्या खुन्याचा खून. वाचताना आपण त्याच्या बाजूने असतो. पण एकेक सूड पुरा झाला की तो तो अवयव गळून पडतो. टिकायचं तर नवं मांस हवं. नवं मांस कुणाचं? निष्पापांचं कुठून आणणार, मग गुन्हेगाराचंही चालतं. हळूहळू अमक्याच्या अंगात बळी किती आणि खुनी किती, हे त्यालाच सांगता येत नाही. त्याच्या एका चेल्याला वाटतं, सगळ्या जातीजमातींचे, पंथांचे, टोळ्यांचे तुकडे एकत्र असलेला हाच पहिला खरा इराकी नागरिक.

मेरी शेलीचं मूळ 'फ्रँकेनस्टाइन' १८१८ चं. तिथे शास्त्रज्ञाला माणूस घडवून दाखवायचा होता. बतावीनच्या भंगारवाल्याला फक्त एक अंत्यविधी नीट व्हायला हवा होता. त्या गल्लीत उभं राहून, गंजक्या कुलरचे सुटे भाग एकमेकांना जोडत बसलेल्या एका खऱ्या भंगारवाल्याकडे बघताना मला हा फरक पोटात कळला. त्याने मान वर केली, काय हवंय असं हाताने विचारलं. काहीच नको म्हटलं, तर त्याने बसायला स्टूल पुढे केलं.

कादंबरी उघडते ती जवळच्याच तयारान चौकातल्या स्फोटाने. एलिश्वाची मिनीबस निघून दोन मिनिटं झालेली असतात. पुस्तक येऊन सात-आठ वर्षं झाली आणि २१ जानेवारी २०२१ ला त्याच तयारान चौकात, जुन्या कपड्यांच्या बाजारात खराखुरा दुहेरी आत्मघातकी हल्ला झाला. ३२ माणसं गेली. मी गेले तेव्हा तिथे स्वेटर आणि जीन्सचे ढीग लागले होते आणि घासाघीस जोरात चालू होती.

जे गेले, जो राहिला

इराकी कादंबरीकारांचे पत्ते बघितले तर जगाचा नकाशा होतो. गाइब तुमा फरमानने १९६६ मध्ये बगदादच्या एका साध्या मोहल्ल्यावर गाजलेली कादंबरी लिहिली. तो १९९० मध्ये वारला मॉस्कोत. आलिया ममदूह आणि इनाम कचाची पॅरिसला गेल्या. सिनान अंतून न्यूयॉर्कला. हसन ब्लासिम पायी, चोरवाटांनी फिनलंडला पोचला. सगळे उत्तम लेखक, आणि जाण्याची कारणं कुणी विचारू नयेत इतकी खरी. सादावी मात्र बगदादमध्येच राहिला, आणि त्याने लिहिलं ते आजूबाजूला चालू असलेल्या शहरावर. आठवणीतून नाही, खिडकीतून.

एप्रिल २०१४ मध्ये अबुधाबीला त्याला 'इंटरनॅशनल प्राइझ फॉर अरेबिक फिक्शन' मिळालं. पन्नास हजार डॉलर आणि हा मान मिळवणारा पहिला इराकी. दीडच महिन्यात आयसिसने मोसुल घेतलं आणि देश पुन्हा युद्धात गेला. सुटकेस भरायला याहून चांगलं निमित्त आणि याहून चांगली ऐपत कुठली? तरीही २०१८ मध्ये मॅन बुकर इंटरनॅशनलच्या अंतिम सहा पुस्तकांत त्याचं पुस्तक आलं, तेव्हाही त्याचा पत्ता बगदादच होता.

राहणं म्हणजे शौर्य आणि जाणं म्हणजे पळपुटेपणा, असला बाळबोध निकाल ही कादंबरी देत नाही, म्हणून ती मला जास्त आवडते. एलिश्वाच्या हट्टाला गल्लीतल्या बायका पुण्याई समजतात. ती आहे तोवर आपल्या गल्लीवर संकट नाही, अशी त्यांची श्रद्धा. पण तोच हट्ट एका आईला दोन मुलींपासून तोडतोही. दोन्ही खरं. आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये अर्धे न्यूजर्सी-मेलबर्नला आणि अर्धे इथे असतात. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर कुणीतरी आईला विचारतंच, "आता किती दिवस एकटी राहणार?" बतावीनमधून आल्यापासून मला त्या प्रश्नातली दोन्ही टोकं ऐकू येतात.

शेवटच्या संध्याकाळी ड्रायव्हरला विचारलं, पुस्तक वाचलंस का? म्हणाला, नाही. मग सिग्नलला थांबल्यावर स्वतःहून म्हणाला, त्याचा एक मामा २००६ मध्ये कामाला गेला तो आलाच नाही. देह मिळाला नाही. कब्र आहे, आत काही नाही. मग हिरवा दिवा लागला आणि त्याने रेडिओ लावला.

जायचंच असेल तर...

हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर सहज जातो. व्हिसाचे नियम आणि सुरक्षेच्या सूचना बदलत राहतात, त्यामुळे तिकिटाआधी दोन्ही तपासा. शुक्रवार मुतनब्बीसाठी राखून ठेवा, सकाळी लवकर पोचा. चेकपोस्ट आणि पोलिसांचे फोटो अजिबात काढू नका. बतावीनला एकटं जाऊ नका, अंधार पडल्यावर तर नाहीच.

संध्याकाळी अबू नुवास स्ट्रीटवर नदीकाठी मसगूफ खा. कार्प मासा पाठीतून उघडून, लाकडाच्या आगीसमोर उभा करून तासभर भाजतात, त्यामुळे भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या. आणि रस्त्यावरच्या गाडीवर सामून नावाच्या होडीसारख्या पावात उकडलेलं अंडं, वांगं किंवा फलाफल भरून घ्या. वर गाडीवाला एक पिवळीजर्द, आंबट-तिखट चटणी ओतेल. नाव विचारा. तो म्हणेल, "अंबा." कैरीची चटणी, शब्द आपला, मराठी. ससून मंडळींच्या मुंबईतूनच ती बगदादला गेली, असं सांगतात. हात पुढे करून आणखी थोडी मागून घ्या.